लाओ त्सू आणि ताओ विचाराचा उगम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चिनी शिकते आहे आणि लाओ त्सूच्या नावावर असलेला प्राचीन चिनी ग्रंथ 'ताओ ते चिंग' मुळातून, एकेक अक्षर लावत वाचते आहे. हे कुणाला कळलं की पुढचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींना पान लागतं.

लाओ त्सू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का?

एक माणूस म्हणून तो हाती लागत नाही. 'लाओ' म्हणजे म्हातारा आणि 'त्सू' म्हणजे गुरू. म्हणजे हे नाव नव्हेच, 'म्हातारे गुरुजी' अशी हाक आहे. त्याचं सगळ्यात जुनं चरित्र सिमा छियान या हान घराण्याच्या काळातल्या इतिहासकाराने इ.स.पू. १०० च्या आसपास लिहिलं. त्यात आडनाव ली, नाव अर, टोपणनाव तान, गाव छू राज्यातलं, नोकरी चौ या तेव्हाच्या राजघराण्याच्या दफ्तरखान्यात, असा सगळा तपशील आहे. ते गाव आजच्या हेनान प्रांतातल्या लूयी इथलं मानतात.

एवढं सांगून झाल्यावर सिमा छियान स्वतःच डळमळतो. लाओ लाय त्सू नावाचा छू राज्यातलाच आणखी एक विचारवंत होता, तोच हा असेल का? की इ.स.पू. ३७४ मध्ये छिन राज्याच्या राजाला भेटलेला तान नावाचा राजज्योतिषी हा? हा दुसरा तान तर कन्फ्यूशियस या मोठ्या चिनी विचारवंताच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी होऊन गेला, आणि लाओ त्सू त्या कन्फ्यूशियसला भेटला होता असं सांगतात. मग कालगणना जुळवायला म्हणून तो लिहितो की लाओ त्सू १६० वर्षं जगला म्हणतात, कुणी २०० वर्षंही सांगतात. आणि हे खरं की खोटं ते जगात कुणालाच ठाऊक नाही, अशी कबुलीही देतो. मला या इतिहासकाराचा फार आदर वाटतो. दोन हजार वर्षांपूर्वी, दरबारी नोकरीत असताना, त्याने तीन माणसांच्या गोष्टी एकमेकींत कालवल्या नाहीत. तिन्ही समोर ठेवल्या.

आजचे बहुतेक अभ्यासक 'ताओ ते चिंग' ही एका लेखकाची कृती मानत नाहीत. मलाही तेच पटतं. का, ते पुस्तकाबद्दलच्या प्रश्नात येईल.

म्हशीवर बसून तो पश्चिमेला निघून गेला, ती गोष्ट?

चौ राज्याची घसरण पाहून तो निघाला. खिंडीतल्या नाक्यावर यिन शी नावाच्या अधिकाऱ्याने त्याला थांबवलं, म्हणाला, तुम्ही आता जगापासून दूर जाणार, तर माझ्यासाठी एक पुस्तक लिहून द्या. त्याने पाच हजारांच्या आसपास अक्षरांचं, दोन भागांचं पुस्तक लिहून दिलं आणि तो गेला. पुढे त्याचं काय झालं कुणाला कळलं नाही. एवढी गोष्ट सिमा छियानमध्ये आहे. चित्रांत दिसणारा काळसर बैल किंवा म्हैस नंतरच्या कथांमधून आली.

पण त्याहून जुन्या, च्वांग त्सू या दुसऱ्या मोठ्या ताओ विचारवंताच्या ग्रंथात एक वेगळीच हकिकत आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. तिथे लाओ तान सरळ मरतो. छिन शी नावाचा मित्र समाचाराला येतो, तीनदा हंबरडा फोडतो आणि बाहेर पडतो. शिष्य विचारतात, एवढंच? तुम्ही तर गुरुजींचे मित्र ना? तो म्हणतो, ते आले तेव्हा त्यांची वेळ होती म्हणून आले, गेले तेव्हा ओघाने गेले. खिंडीतून नाहीशा होणाऱ्या म्हाताऱ्यापेक्षा हा घरात, माणसांत मेलेला म्हातारा मला जवळचा वाटतो.

'ताओ' म्हणावं की 'दाओ'? 'लाओ त्सू' की 'लाओझी'?

मराठी माणसाने निर्धास्त 'ताओ' म्हणावं. चिनीत इथे जो उच्चार आहे तो घोष नसलेला, श्वास न सोडता केलेला, म्हणजे जवळपास आपला 'त'. इंग्रजीत 'त' आणि 'थ' असा फरक नसल्याने आजच्या रोमन लिपीत तो 'द'च्या अक्षराने लिहितात. तिथून उलट देवनागरीत आणताना 'दाओ' होतं आणि मूळ ध्वनी हातचा जातो. 'ताओ ते चिंग' हे तर देवनागरीत अगदी नेमकं बसतं.

'त्सू'चंही तसंच. त्यातलं व्यंजन म्हणजे आपल्या 'चूल', 'चोर', 'चटणी'मधला दंत्य च. पुढचा स्वर मात्र 'ऊ' नाही. जीभ दातांमागे तशीच ठेवून जो अर्धवट गुणगुणता आवाज निघतो, तो. त्याला आपल्याकडे अक्षर नाही, म्हणून 'त्सू'वर भागवायचं. गावांची नावं मात्र मी वर्तमानपत्रांत येतात तशीच लिहिली आहेत.

ताओ म्हणजे नेमकं काय?

वाट. पहिला अर्थ तोच, आणि चिनी रस्त्यांच्या नावांत ते अक्षर आजही दिसतं. लिहिताना आधी उजवीकडचा भाग काढायचा : वर दोन तिरके फटकारे, खाली डोक्याचं चिन्ह. मग डावीकडून सुरू होऊन तळाशी पसरत जाणारी चालण्याची खूण, जणू त्या डोक्याला खालून उचलून घेणारी. चालणारं डोकं. वहीत पन्नास वेळा गिरवल्यावर कुठल्याही व्याख्येपेक्षा हे अक्षर जास्त सांगतं असं माझं मत झालं आहे.

'वाट'वरून 'रीत', 'पद्धत' हे अर्थ आले आणि त्या काळचा प्रत्येक विचारवंत हा शब्द वापरत होता. कन्फ्यूशियसचाही ताओ आहे, पूर्वजांच्या चांगल्या चालीरीतींचा. 'ताओ ते चिंग'ने हा शब्द माणसांच्या रीतीभातींच्या मागे नेला : आकाश, जमीन, ऋतू, जन्म आणि मरण ज्या चालीने चालतात ती चाल. ती कुणी घालून दिलेली नाही आणि ती हुकूमही देत नाही. त्यामुळे 'ईश्वर' हे भाषांतर चुकतं, आणि 'नियम'ही थोडं कडकच होतं.

पहिल्याच ओळीत सहा अक्षरं आहेत आणि त्यातली तीन 'ताओ'. मधला ताओ क्रियापद आहे, 'सांगणं' या अर्थाचा. मी ती ओळ अशी लावते : 'जी वाट सांगता येते, ती कायमची वाट नव्हे.' आवाजाचा खेळ मराठीत उतरत नाही, याचं वाईट वाटतं.

पुस्तक कधी लिहिलं गेलं? पुरावा काय?

या प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या हातात येतो तो ८१ प्रकरणांचा पाठ. १ ते ३७ 'ताओ'चा भाग, ३८ ते ८१ 'ते'चा. 'ते' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अंगी असलेली शक्ती किंवा गुण. हा पाठ मुख्यतः वांग बी याच्या टीकेसोबत, म्हणजे त्याने लिहिलेल्या भाष्यासोबत टिकला. वांग बी इ.स. २२६ मध्ये जन्मला आणि २४९ मध्ये गेला. विशीतल्या पोराने लिहिलेली टीका आज पावणेअठराशे वर्षं लोक वाचताहेत. पण लाओ त्सूचा सांगितला जाणारा काळ आणि वांग बी यांच्यात सात शतकांची दरी होती, आणि त्या दरीत काय घडलं हे कळायला १९७३ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी हुनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेली एक कबर उघडली. त्यात एका लाखेच्या पेटीत रेशमावर लिहिलेले ग्रंथ निघाले आणि त्यात 'ताओ ते चिंग'च्या दोन प्रती होत्या. दोन्हींत क्रम उलटा, 'ते' आधी आणि 'ताओ' नंतर.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एका अक्षराची आहे. चीनमध्ये सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहिणं निषिद्ध असे. त्याच्या जागी समानार्थी अक्षर घालायचं. हान घराण्याचा संस्थापक लिउ बांग. 'बांग' म्हणजे देश. मावांगदुईच्या पहिल्या प्रतीत 'बांग' हे अक्षर बिनधास्त येतं. दुसऱ्या प्रतीत ते काढून सगळीकडे देशासाठीचा दुसरा शब्द घातलेला. म्हणजे पहिली नक्कल हा नियम लागू होण्याआधीची आणि दुसरी नंतरची. आता वर दिलेली पहिली ओळ बघा. दोन्ही रेशमी प्रतींत 'कायमची' या अर्थी 'हेंग' हे अक्षर आहे. पुढे लिउ हेंग नावाचा सम्राट गादीवर आला (इ.स.पू. १८० ते १५७) आणि नकलाकारांनी 'हेंग'च्या जागी 'चांग' लिहायला सुरुवात केली. जगभर पाठ केली जाणारी ती ओळ आज एका राजाच्या नावाच्या धाकाने बदललेल्या अक्षरासकट म्हटली जाते.

मग १९९३ साली हुपेइ प्रांतात जिंगमेनजवळ गुओदियान इथे त्याहून जुनी कबर उघडली, साधारण इ.स.पू. ३०० ची. चोर आधीच शिरून गेले होते. तरी चिखलपाण्यात बांबूच्या पट्ट्या उरल्या होत्या आणि त्यातल्या ७१ पट्ट्यांवर 'ताओ ते चिंग'शी जुळणारा मजकूर होता. बोटभरही रुंद नसलेल्या या पट्ट्यांवर उभ्या ओळीत एकाखाली एक अक्षरं. ओवलेले दोरे केव्हाच कुजून गेलेले, त्यामुळे कुठली पट्टी कुठल्या पट्टीनंतर हे मजकूर आणि माप बघून ठरवावं लागलं. लांबीवरून तीन जुड्या पडल्या : ३२.३, ३०.६ आणि २६.५ सेंटिमीटरच्या. पहिल्या जुडीतल्या पट्ट्यांची टोकं निमुळती तासलेली, बाकीच्यांची सरळ कापलेली.

तिन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास अक्षरं, म्हणजे आजच्या पुस्तकाचा दोन पंचमांश भाग. प्रकरणांचा क्रम वेगळाच. चौसष्टाव्या प्रकरणाचा उत्तरार्ध दोन जुड्यांत आहे आणि दोन्ही पाठ तंतोतंत जुळत नाहीत. सदुसष्टपासून पुढचं काहीही नाही. आणि ते प्रसिद्ध पहिलं प्रकरणही नाही.

यावरून दोन तर्क निघतात. काहींच्या मते पूर्ण पुस्तक तेव्हा होतंच, गुओदियानमध्ये त्यातले निवडक उतारे आहेत. दुसरा तर्क असा की वचनांच्या लहान लहान जुड्या वेगवेगळ्या गुरूंकडे फिरत होत्या आणि त्या हळूहळू एकत्र होऊन पुस्तक झालं. एकाच कबरीत तीन मापांच्या तीन जुड्या आणि त्यात एकाच उताऱ्याचे दोन पाठ हे पाहिल्यावर मी दुसऱ्या बाजूला आहे. 'म्हातारे गुरुजी' हे अनेक म्हाताऱ्यांचं एकत्र नाव आहे.

हा शांत, निवांत लोकांचा विचार आहे ना?

अजिबात नाही. आणि हा गैरसमज दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण त्याने पुस्तकाचा अर्धा अर्थ बुडतो.

इ.स.पू. ७७१ मध्ये चौ राजांची पश्चिमेकडची राजधानी पडली आणि त्यानंतर त्यांची सत्ता नावापुरती उरली. मांडलिक राज्यं एकमेकांना गिळत गेली. इ.स.पू. ४७५ पासून २२१ पर्यंतच्या काळाला 'लढणाऱ्या राज्यांचा काळ' असंच नाव आहे. शेवटी सात मोठी राज्यं उरली. रथातल्या सरदारांच्या लढाया जाऊन शेतकऱ्यांच्या पोरांचं प्रचंड पायदळ आलं आणि त्या सैन्यासाठी कर, वेठ आणि भरतीचे पट वाढत गेले. 'ताओ ते चिंग' या काळात आकाराला आलं आणि त्याचा बराच भाग राज्यकर्त्याला उद्देशून आहे.

५३ वं प्रकरण काढा : दरबार झकपक, शेतं तणाने भरलेली, कोठारं रिकामी, आणि हे मात्र भरजरी कपडे घालून, धारदार तलवारी लटकवून, पोट फुटेस्तोवर खाऊन बसलेले. याला ते 'दरोडेखोरी' म्हणतं. ७५ वं म्हणतं की लोक उपाशी आहेत, कारण वरचे लोक कराचं फार खातात. ३१ वं सांगतं की लढाई जिंकलात तरी सुतकाच्या रिवाजानेच वागा. हे ३१ वं प्रकरण गुओदियानच्या पट्ट्यांवरही आहे, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना ते कुणीतरी कबरीत सोबत नेलं.

आणि ६० वं : 'मोठं राज्य चालवणं म्हणजे छोटे मासे शिजवणं.' ओले बोंबील तव्यावर टाकून ज्याने उगाच सारखे उलथले आहेत, त्याला यावर टीका वाचायची गरज नाही.

'वू वेइ' म्हणजे काहीच करायचं नाही, असंच ना?

ताओ विचारातला हा शब्द शब्दशः 'न करणं' असला तरी अर्थ तो नाही. रोख आहे तो रेटण्यावर, गोष्टीच्या अंगचा कल न बघता आपलं म्हणणं तिच्यावर लादण्यावर. यासाठी च्वांग त्सूच्या ग्रंथातला तिंग नावाचा खाटीक बघावा.

तिंग राजासमोर मारलेला बैल कापून सोडवतो आहे. हात, खांदा, पाय, गुडघा सगळं तालात, सुरीचा आवाजसुद्धा नाचाच्या संगीतासारखा. राजा वाहवा करतो. तिंग सुरी खाली ठेवून सांगतो : सुरुवातीला मला समोर अख्खा बैलच दिसायचा, तीन वर्षांनी अख्खा बैल दिसेनासा झाला. साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला खाटीक वर्षाला बदलतो. माझी सुरी १९ वर्षांची आहे, हजारो बैल तिने सोडवले, तरी धार आत्ता सहाणेवरून काढल्यासारखी. सांध्यांमध्ये फट असते आणि पात्याच्या धारेला जाडी नसते. जाडी नसलेली वस्तू फटीत घातली की ऐसपैस जागा राहते.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढची ओळ मात्र गाळतात. तिंग म्हणतो की गुंतागुंतीचा सांधा आला की मला कळतं, हे अवघड आहे. मी सावध होतो, नजर तिथेच ठेवतो, हात हळू करतो, सुरी अगदी किंचित हलवतो. म्हणजे 'वू वेइ'त कष्ट आहेत, भीतीही आहे, तीन वर्षांची आणि मग १९ वर्षांची उमेदवारी आहे. आळशीपणाला हे नाव देऊ नये.

ताओवाद कुणी स्थापन केला?

कुणीच नाही. लाओ त्सू आणि च्वांग त्सू यांना आपण एका 'पंथा'चे आहोत हे ठाऊक नव्हतं. सिमा छियानचे वडील सिमा तान (मृत्यू इ.स.पू. ११०) यांनी जुन्या विचारवंतांची सहा घराण्यांत वर्गवारी केली, त्यातल्या एकाला 'ताओचं घराणं' म्हटलं. नाव तिथून चालत आलं. त्याआधी वेगवेगळे झरे होते : श्वास आणि मन स्थिर करण्याच्या साधना, स्वतःचा जीव राज्यापेक्षा मोलाचा मानणाऱ्या यांग चूसारखे लोक, आणि राजाला 'हात आवरा' म्हणून सांगणारे सल्लागार. हान घराण्याच्या सुरुवातीला या विचाराला दरबारात मान होता. तौ ही राजमाता (मृत्यू इ.स.पू. १३५) लाओ त्सूची निस्सीम भक्त. ती गेल्यावर वू सम्राटाने कन्फ्यूशियसच्या पंडितांना जवळ केलं.

च्वांग त्सू कोण? फुलपाखराचं स्वप्न त्याचंच ना?

हो, त्याचंच. च्वांग चौ हे त्याचं नाव, काळ साधारण इ.स.पू. ३६९ ते २८६, गाव सुंग राज्यातलं मंग. लाखेच्या झाडांच्या बागेवर तो किरकोळ अधिकारी होता. त्याच्या नावाचा ग्रंथ आज ३३ प्रकरणांचा आहे. क्वो शियांगने (मृत्यू इ.स. ३१२) जुन्या ५२ प्रकरणांतून निवडून तो सिद्ध केला. पहिली सात प्रकरणं मुख्यतः खुद्द च्वांग चौची मानतात.

लाओ त्सू राजाशी बोलतो, च्वांग त्सू राजाकडे पाठ फिरवतो. तो नदीवर गळ टाकून बसलेला असताना छूच्या राजाचे दोन दूत आले, म्हणाले, राज्याचा कारभार तुमच्याकडे सोपवायचा आहे. त्याने गळ हातातच ठेवला, वळूनही पाहिलं नाही. विचारलं, तुमच्या राजाकडे म्हणे एक पवित्र कासव आहे, तीन हजार वर्षांपूर्वी मेलेलं, रेशमात गुंडाळून पेटीत ठेवलेलं. त्या कासवाला काय आवडलं असतं? मरून पूजा घेणं, की जिवंत राहून चिखलात शेपूट ओढत फिरणं? चिखलात, दूत म्हणाले. मग जा, तो म्हणाला, मला चिखलात शेपूट ओढू द्या.

आणि एक प्रसंग मी स्वतःच्या घरात माणूस गेल्यानंतर पुन्हा वाचला. त्याची बायको वारली. मित्र हुई त्सू समाचाराला आला, तर हा पाय पसरून बसलेला, भांडं वाजवत गात होता. मित्र चिडला : तिने तुझ्याबरोबर संसार केला, पोरं वाढवली, म्हातारी झाली. रडला नाहीस तर नाहीस, पण हे गाणं अति झालं. च्वांग त्सू म्हणाला, ती गेली तेव्हा मलाही इतरांसारखंच दुःख झालं, दुसरं काय होणार? मग मी मागे मागे विचार करत गेलो. एक काळ होता की तिला जीव नव्हता, त्याआधी आकार नव्हता. काहीतरी धूसर बदललं आणि श्वास आला, श्वासाचा देह झाला, देहात जीव आला. आता आणखी एक बदल झाला. ऋतू बदलतात तसं हे. आधी दुःख झालं, हे तो लपवत नाही, आणि त्या कबुलीमुळेच पुढचं सगळं मला खरं वाटतं.

कन्फ्यूशियस आणि लाओ त्सू यांची भेट झाली होती का?

गोष्ट प्रसिद्ध आहे. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) विधींबद्दल विचारायला गेला, म्हाताऱ्याने त्याला गर्व आणि हाव सोड म्हणून सुनावलं. परत येऊन कन्फ्यूशियस शिष्यांना म्हणाला, पक्षी उडतो, मासा पोहतो, जनावर धावतं हे मला कळतं, त्यांना बाण, गळ, जाळं लावता येतं. पण ड्रॅगन वारा आणि ढगांवरून वर जातो, त्याचं काय करणार? आज मी ड्रॅगन पाहिला. अभ्यासक ही दंतकथा मानतात, आणि ती कुणाच्या बाजूने रचली हे उघड आहे.

दोघांमध्ये हाडवैर होतं, असं मात्र समजू नये. प्रचलित पाठाच्या १९ व्या प्रकरणात 'माणुसकी आणि सदाचार टाकून द्या' असं आहे आणि हे दोन शब्द कन्फ्यूशियसच्या शिकवणीचा कणाच. गुओदियानच्या पट्टीवर त्या ठिकाणी हे दोन्ही शब्द नाहीत. भांडण नंतर तापलं आणि पाठात शिरलं, असं दिसतं.

काळं-पांढरं यिन-यांग चिन्ह लाओ त्सूचं आहे का?

नाही, ते चिन्ह खूप नंतरचं आहे. 'ताओ ते चिंग'मध्ये यिन आणि यांग हे शब्द मिळून एकदाच येतात, ४२ व्या प्रकरणात.

ताओवाद हा धर्म आहे की तत्त्वज्ञान?

दोन्ही, आणि एकाला खरं ठरवून दुसऱ्याला भेसळ म्हणणं मला मान्य नाही. इ.स. १४२ मध्ये आजच्या सिच्वान प्रांतातल्या डोंगरात लाओ त्सूने देवरूपात दर्शन दिलं असं चांग ताओलिंगने सांगितलं आणि त्यातून 'स्वर्गीय गुरूं'चा पंथ उभा राहिला. अनुयायांनी द्यायच्या धान्यावरून त्याला 'पाच मापं तांदळाचा' पंथ म्हणत. मंदिरं, पुरोहित, आजारपणात पापांची कबुली, सगळं आलं. थांग घराण्याच्या सम्राटांचं आडनावही ली, म्हणून ते स्वतःला लाओ त्सूचे वंशज म्हणवत. आज चीनमध्ये सरकारी मान्यता असलेल्या पाच धर्मांत ताओ धर्म आहे.

लाओ त्सू भारतात आला होता का?

नाही. इ.स. ३०० च्या आसपास वांग फू नावाच्या ताओ पुरोहिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात सांगितलं गेलं की खिंडीतून गेलेला लाओ त्सू भारतात पोचला आणि तिथे बुद्ध झाला. बौद्धांना कमी लेखण्यासाठी रचलेली ही कथा. तिच्यावरून शतकानुशतकं वाद झाले. अखेर १२८१ मध्ये कुबलाई खानाने 'ताओ ते चिंग' वगळता ताओ ग्रंथ जाळायचा हुकूम काढला.

मग भारताशी खरा संबंध काहीच नाही?

आहे, आणि तो एका ओळखीच्या माणसाचा आहे. शाळेच्या इतिहासात आपण वाचलेला ह्युएन त्संग, जो इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेला आणि पुलकेशीबद्दल लिहून गेला, तोच. चीनला परतल्यावर ६४७ मध्ये सम्राटाने त्याच्यावर काम सोपवलं : कामरूपचा (आजच्या आसामचा) राजा भास्करवर्मन याला लाओ त्सू वाचायचा आहे, संस्कृत भाषांतर कर. ताओ पंडित मदतीला दिले.

पहिल्याच शब्दावर भांडण जुंपलं. पंडित म्हणाले, ताओ म्हणजे 'बोधि'. बौद्ध ग्रंथ चिनीत आणताना 'बोधि'ला 'ताओ' म्हणतच आले आहेत, मग उलट का नाही? ह्युएन त्संग म्हणाला, बोधि म्हणजे जाग येणं. ताओ म्हणजे रस्ता, संस्कृतात 'मार्ग'. तो हटला नाही, आणि माझ्या मते बरोबर होता. त्या भाषांतराची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

आपल्याकडच्या विचारांशी साम्य दिसतं, ते?

दिसतं. ७६ वं प्रकरण म्हणतं की जिवंत माणूस मऊ असतो, मेला की ताठ होतो, आणि ताठ झाड कुऱ्हाडीला पडतं. 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती' हे ज्याच्या कानावरून गेलं आहे त्याला ते आपलंच वाटणार. पण आपल्याकडे ती नम्रता देवापुढची आहे. तिथे समोर देव नाही, आणि ऐकणारा बऱ्याचदा सैन्य बाळगणारा राजा आहे. साम्याचा आनंद घ्यावा, मग हा फरकही बघावा.

'हजार मैलांचा प्रवास एका पावलाने सुरू होतो' हे त्याचंच वाक्य ना?

जवळपास. ६४ व्या प्रकरणात 'हजार लींचा प्रवास पायाखालून सुरू होतो' असं आहे, आणि त्या काळची ली अर्ध्या किलोमीटरहूनही कमी. आसपासच्या ओळी मात्र उमेद वाढवणाऱ्या नाहीत, सावध करणाऱ्या आहेत : गडबड उठण्याआधीच आवरा, कवेत न मावणारं झाड कोंबातूनच येतं.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रकरणातून करू नका, तिथेच बहुतेक जण अडकतात. ११ वं घ्या : चाकाच्या ३० आऱ्या एका तुंब्यात येतात, पण गाडी चालते ती तुंब्याच्या भोकामुळे. भांडं मातीचं, उपयोग त्यातल्या पोकळीचा. मग ८, १७, ३१, ५३, ६०, ७६. पहिलं सगळ्यात शेवटी.

आणि च्वांग त्सूच्या सातव्या प्रकरणाचा शेवट त्याआधीच वाचून टाका, दोन मिनिटं लागतात. दक्षिण समुद्राचा राजा आणि उत्तर समुद्राचा राजा मधल्या प्रदेशात अधूनमधून भेटायचे. तिथला राजा हुन्तुन त्यांची फार चांगली सरबराई करायचा. या उपकाराची फेड कशी करावी, दोघांनी विचार केला. माणसाला बघायला, ऐकायला, खायला, श्वास घ्यायला सात भोकं असतात, या बिचाऱ्याला एकही नाही. आपण पाडून देऊ. रोज एक भोक पाडत गेले. सातव्या दिवशी हुन्तुन मेला.